परिमिती आणि पेरिमीटर : इंग्रजी शब्दांकडे जाणारी एक मराठी वाट

मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्ष कला शाखेच्या मुलांना 'माझे घर' या विषयावर पंधरा ओळी इंग्रजीत लिहून आणायला सांगितले होते. सत्तरी तालुक्यातून येणाऱ्या एका मुलीने लिहिले होते, 'माय एन्शंट फादर वर्क्स इन द कुळागर.' हे वाक्य मी वर्गात मोठ्याने वाचले. वर्ग हसला. मीही हसले, हे कबूल करायला हवे. ती मुलगी खाली मान घालून बसली आणि पुढचे संपूर्ण सत्र तिने वर्गात तोंड उघडले नाही.

त्या संध्याकाळी मी माझीच टिपणवही उघडली. आदल्या आठवड्यात मी फळ्यावर लिहून दिले होते : ओल्ड म्हणजे एन्शंट, एज्ड, एल्डरली, अँटिक. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता, एवढाच तिचा दोष.

आमच्याकडे मराठी प्राथमिक शाळेत चार वर्षे काढून पाचवीला इंग्रजी माध्यमात गेलेली अनेक मुले महाविद्यालयापर्यंत येतात. इंग्रजी शब्द म्हणजे पाठ करायच्या वस्तू, ही समजूत त्यांच्या मनात तोवर घट्ट झालेली असते. ती घट्ट करण्यात आम्हा शिक्षकांचा हातभार मोठा आहे. एका शब्दापुढे चार शब्द, मध्ये बरोबरचे चिन्ह, की झाले शिकवून. बरोबरचे चिन्ह गणितात खरे असते. भाषेत ते क्वचितच खरे ठरते.

आणि हे त्या मुलीला माहीत नव्हते असेही नाही. मराठीत तिला ते पक्के माहीत होते. तांदूळ जुना असतो आणि जुना तांदूळ चांगला. भात शिळा असतो. बैल म्हातारा होतो, गृहस्थ वृद्ध होतात, देऊळ प्राचीन असते, वस्त्र जीर्ण होते. 'माझे प्राचीन बाबा' असे ती जन्मात म्हणाली नसती. शब्द कोणाच्या सोबतीला शोभतो, हे ज्ञान तिच्याजवळ भरपूर होते. मी तिला ते इंग्रजीच्या वर्गाबाहेर चपलांसारखे काढून ठेवायला लावले होते.

पुढच्या सत्रात मी याद्या बंद केल्या आणि सुरुवात मराठीपासून केली. फळ्यावर एक चौकोन काढून विचारले, याला काय म्हणतात? खिडकी, असे उत्तर आले. घरी काय म्हणता? जनेल. हा पोर्तुगीज शब्द आमच्या बोलीत केव्हाच घरचा झाला आहे. देवळाच्या किंवा जुन्या वाड्याच्या वर्णनात काय वाचलेत? गवाक्ष. आणखी? एका मुलाने वातायन सांगितला. एकाच वस्तूला चार नावे, चार घराण्यांतून नसली तरी चार वळणांनी आलेली. आजी 'वातायन लाव, पाऊस येतो' म्हणेल का? वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी कोणाला नव्हे.

मग मी सांगितले की इंग्रजी 'विंडो' हा मुळात उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा शब्द. त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. आपल्या गवाक्षात गाईचा डोळा आहे, वातायनात वाऱ्याची वाट आहे. विंडोमध्ये गवाक्षातला डोळा आणि वातायनातला वारा एकत्र आले आहेत. मुलांनी तो शब्द वहीत लिहिला नाही. लिहायची गरजच नव्हती.

इंग्रजीतल्या समानार्थी शब्दांचे गुपित याच थरांत आहे. खाली देशी थर, अँग्लो-सॅक्सन लोकांचा. त्यावर 1066 नंतर नॉर्मन राजवटीबरोबर आलेली फ्रेंच, मग विद्वानांची लॅटिन, आणि शास्त्रांच्या गरजेपोटी ग्रीक. आपल्याकडेही तेच आहे : काळजी बोलीतली, चिंता संस्कृतातली, फिकीर अरबी-फारसीतून आलेली. आई काळजी करते, तत्त्वज्ञ चिंतेवर लिहितो, आणि बेदरकार माणसाला फिकीर नसते. फिकीर हा शब्द मराठीत बहुधा नकारातच रमतो. 'आस्क', 'क्वेश्चन' आणि 'इंटरॉगेट' यांतला फरक या अंगाने सांगितला की लगेच कळतो. पहिला घरातला, दुसरा सभेतला, तिसरा पोलीस ठाण्यातला.

पर्यायांचा संग्रह विषयवार करावा ही कल्पना तर आपल्याकडे फार जुनी. अमरकोशाची तीन कांडे अकारविल्हे नाहीत, विषयाप्रमाणे लावलेली आहेत. पीटर मार्क रॉजे या इंग्रज डॉक्टरने 1852 साली आपला थिसॉरस प्रसिद्ध केला, तोही कल्पनांच्या वर्गवारीनेच. थिसॉरस या ग्रीक शब्दाचा अर्थ खजिना, म्हणजे थेट आपला 'कोश'. फरक एवढाच की अमरकोश पाठ करणारे विद्यार्थी त्याबरोबर काव्यही वाचत, म्हणून शब्द वापरात दिसत. आम्ही रॉजेची पाने दिली आणि वापर दाखवायचे विसरलो.

आता ग्रीक थराकडे वळते, कारण मुले सर्वांत जास्त घाबरतात ती याला. लांबलचक, अनोळखी, 'वाय'ने आणि 'पी-एच'ने भरलेले शब्द. माझे म्हणणे असे आहे की मराठी विद्यार्थ्याला सर्वांत जवळचा थर हाच आहे. तत्सम शब्दांतले उपसर्ग ज्याच्या कानावर आहेत, त्याला ग्रीक उपसर्ग नवे शिकायचे नाहीत. ओळखायचे आहेत.

हे नाते ओळखण्याचा मान सहसा विल्यम जोन्स यांना दिला जातो. 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात त्यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असे मांडले. पण त्याच्या दोनशे वर्षे आधी, 1583 मध्ये, एका इंग्रज जेझुइटाने गोव्यातून आपल्या भावाला पत्र लिहिले आणि इथल्या भाषांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी असल्याची नोंद त्यात केली. तो म्हणजे थॉमस स्टीफन्स. त्याचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली रायतूरला छापले गेले आणि मराठी ओवीत त्याने मोठी कीर्ती मिळवली. ते पत्र मात्र विसाव्या शतकापर्यंत छापले गेले नव्हते, म्हणून भाषाशास्त्राच्या इतिहासात त्याचा परिणाम झाला नाही. तरीही मला ही गोष्ट वर्गात सांगायला आवडते. इंग्रजी घरात वाढलेला एक माणूस इथल्या भाषा शिकताना ग्रीकच्या आधाराने ओळख पटवत होता. आम्ही त्याच वाटेने उलटे चालायचे.

पहिला उपसर्ग 'अ'. आपला नियम असा की पुढे व्यंजन आले तर अ आणि स्वर आला तर अन् : अभाव, अज्ञान, पण अनादर, अनंत, अनेक. ग्रीकचा नियम अक्षरशः हाच आहे. 'एथिइस्ट'मध्ये पुढे व्यंजन, म्हणून नुसता अ. 'अॅनर्की'मध्ये मुळात पुढे स्वर, म्हणून अन्. 'अनॉनिमस' या शब्दाने कितीतरी मुलांना रडवले आहे. तो फोडला तर अन् आणि ग्रीक ओनोमा. ओनोमा म्हणजे आपले नाम, अर्थानेही आणि रक्तानेही. अनॉनिमस म्हणजे अनाम, निनावी. हेच नाम 'सिनॉनिम'मध्ये आहे, 'अँटोनिम'मध्ये आहे, टोपणनावाला म्हणतात त्या 'स्यूडोनिम'मध्ये आहे. एक नाम ओळखले की चार शब्द हाती आले.

याच 'अ'चा एक धडा मी दर वर्षी घेते, कारण त्यात पर्याय आणि उपसर्ग दोन्ही एका ठिकाणी भेटतात. फळ्यावर चार शब्द लिहायचे : अननोन, इग्नोरंट, अॅग्नॉस्टिक, अज्ञात. पहिल्यात 'अन' देशी इंग्रजी, दुसऱ्यात 'इन' लॅटिन, तिसऱ्यात 'अ' ग्रीक, चौथ्यात आपला. चारही एकाच नकाराची रूपे. आणि पुढचा धातूही एकच, आपला ज्ञा. 'नो' या क्रियापदाच्या आरंभी जो मुका 'के' मुलांना छळतो तो त्याच ज्ञ मधल्या पहिल्या व्यंजनाचा अवशेष आहे. आपण ज्ञ चा उच्चार 'द्न्य' करतो, हिंदीत 'ग्य' होतो, इंग्रजांनी तो लिहून गप्प केला. म्हणजे शब्द एकाच आजीची नातवंडे, पण अर्थ? अननोन वस्तू असते किंवा व्यक्ती, त्यात निंदा नाही. इग्नोरंट माणसाला म्हटले तर भांडण होईल. अॅग्नॉस्टिक हा शब्द टी. एच. हक्सले यांनी 1869 मध्ये घडवला आणि तो ईश्वराविषयीच्या भूमिकेला लागू झाला. मराठीत आपण त्याला अज्ञेयवादी म्हणतो. व्युत्पत्तीने शब्दाची ओळख होते, सोबत मात्र वापरातूनच शिकावी लागते. 'एन्शंट फादर'चे प्रायश्चित्त मी या धड्यात घेते.

'परि' सर्वांत सोपा. परिभ्रमण, परिसर, परिक्रमा यांत सभोवार हा अर्थ आहे. ग्रीक 'पेरि' तोच. पेरिमीटर म्हणजे परिमिती, आणि या दोन शब्दांचे दोन्ही तुकडे सख्खे आहेत : पेरि आणि परि, मीटर आणि मा या मोजण्याच्या धातूपासूनची मिती. पाचवीत भूमितीच्या तासाला परिमिती काढणाऱ्या मुलाला सहावीत पेरिमीटर हा नवा शब्द म्हणून पाठ करायला लावणे ही आपलीच उधळपट्टी. 'पेरिफेरी'त तोच पेरि आणि वाहणे, धारण करणे या अर्थाचा धातू, आपला भृ. लॅटिनने याचे भाषांतर करून 'सर्कमफरन्स' बनवला. इंग्रजीने दोन्ही घेतले. अशा ग्रीक-लॅटिन जोड्या मुलांना शोधायला लावाव्यात. 'सिम्पथी' आणि 'कम्पॅशन', दोन्हींत सह अधिक वेदना. 'हायपोथिसिस' आणि 'सपोझिशन', दोन्हींत खाली ठेवणे. एकाचे दुसरे भाषांतर असल्यामुळे पर्याय शिकता शिकता उपसर्गही पक्के होतात.

'सिन्' या उपसर्गाचे काम आपल्या सम् सारखे आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे दोघे भाऊ मानले जात नाहीत. आपल्या सम चा खरा भाऊ ग्रीक 'होमो', म्हणून 'होमोजीनियस'. पण सिन् आणि सम् यांच्या सवयी विलक्षण जुळतात. संपत्ती म्हणताना अनुस्वाराचा म् होतो, संताप म्हणताना न्, संगीत म्हणताना ङ्. सिन् तेच करतो : सिम्पथी, सिंटॅक्स, सिंक्रोनाइझ, आणि ल पुढे आला की 'सिलॅबल'. 'स्पेलिंगमध्ये कधी एम आणि कधी एन का?' असे एका मुलाने विचारले तेव्हा मी त्याला एवढेच सांगितले की संपत्ती, संताप हे शब्द सावकाश म्हण आणि ओठ कधी मिटतात ते बघ.

इथे एक ध्वनिनियम सांगून ठेवावा लागतो. संस्कृतातल्या आरंभीच्या स ऐवजी ग्रीकमध्ये पुष्कळदा ह दिसतो. हे मुलांना चमत्कारिक वाटत नाही, कारण सप्त चा फारसीत हफ्त झाला आणि तो आपल्याकडे हप्ता होऊन परत आला. सप्ताह देवळात बसतो, हप्ता पतपेढीत भरायचा असतो. तसाच ग्रीक 'हेप्टा'. सम चा होमो. अर्धा या अर्थाचा संस्कृत सामि, ग्रीकमध्ये 'हेमि', म्हणून 'हेमिस्फिअर' हा गोलार्ध. आणि सर्प? सरपटणे या अर्थाचा ग्रीक धातू 'हेर्प'. त्यावरून 'हर्पीज'. कमरेभोवती किंवा छातीवर पट्ट्यासारख्या उठणाऱ्या त्या हर्पीजला मराठीत काय म्हणतात, असे विचारले की मागच्या बाकावरून उत्तर येते, नागीण! ग्रीक वैद्य आणि मराठी आजी यांनी एकमेकांना न विचारता सरपटण्याचीच उपमा दिली. वर्गात अशी शांतता मी क्वचितच अनुभवली आहे.

सु आणि दुस् यांची जोडी ग्रीकमध्ये 'यू' आणि 'डिस्' अशी भेटते. 'डिस्पेप्सिया' म्हणजे दुष्पचन. त्यातला 'पेप' हा आपल्या पच् चा सगोत्र. 'डिसेंट्री'त दुस् आणि आंत्र, म्हणजे आतडे बिघडणे. इथे सावधगिरीची सूचना : 'डिसीज' मधला डिस हा वेगळा, लॅटिन वाटेने आलेला. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, इंग्रजीत ग्रीकचा 'वाय'ने लिहितात आणि दुसरा 'आय'ने. ग्रीक शब्द ओळखण्याची ही एक हुकमी खूण आहे.

सापळे आणखीही आहेत आणि ते दाखवले नाहीत तर ही पद्धत यादीपेक्षा घातक ठरते. 'अ' शिकवल्यानंतरच्या आठवड्यात एका हुशार मुलाने 'अवेक'चा अर्थ झोपलेला असा लिहिला. अ म्हणजे नाही, वेक म्हणजे जागा. तर्क बिनतोड. पण अवेक, अलाइव्ह, अशोर यांतला अ हा देशी इंग्रजीचा, त्याचा नकाराशी संबंध नाही. 'अँटिसिपेट' मध्ये विरोध नाही, पूर्वी या अर्थाचा लॅटिन उपसर्ग आहे. 'पॅराशूट'मधला पॅरा ग्रीक नव्हे, अडवणे या अर्थाचा आहे. म्हणून माझ्या वर्गात नियम असा की उपसर्गावरून अर्थाचा अंदाज करावा, पेन्सिलीने लिहावा आणि शब्दकोश पाहून मगच शाईने गिरवावा.

ज्यांना ग्रीक म्हणजे फार दूरचे वाटते, त्यांनी घरातली पत्रिका काढून पाहावी. केंद्र, पणफर, आपोक्लिम ही स्थानांची नावे जोशीबुवा सहज घेतात. तिन्ही मूळ ग्रीक आहेत. आपोक्लिम मधला 'आपो' म्हणजे आपला अप, दूर जाणे. ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, हे शब्द दीड हजारांहून अधिक वर्षे आपल्या घरात आहेत.

शेवटी 'हायपर' आणि 'हायपो', ज्यांच्यात डॉक्टरांची मुलेही गोंधळतात. हायपर म्हणजे संस्कृत उपरि. उपरि पासून प्राकृतातून आपला 'वर' आला. इंग्रजीचा 'ओव्हर', लॅटिनचा 'सुपर' आणि ग्रीकचा हायपर हे सगळे या 'वर'चे नातलग. हायपो म्हणजे उप. उपनगर, उपसभापती, उपविभाग यांत मुख्य पातळीच्या खालचे असा जो भाव आहे तो धरायचा. हायपर ऐकले की उपर आठवावे, हायपो ऐकले की उप. शेवटचा ध्वनीसुद्धा मदतीला येतो.

हा धडा झाला त्या दिवशी मुलांना घरातली औषधांची कागदपत्रे पाहून असे शब्द लिहून आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती सत्तरीची मुलगी टेबलापाशी थांबली. हातात घडी घातलेला कागद होता. बाबा कुळागरात चक्कर येऊन पडले होते, त्यांना तीन दिवस दवाखान्यात ठेवले होते, त्याचा. मधुमेहाच्या गोळ्या त्यांना आधीपासून चालू होत्या. कागदावर तिने एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली होती.

"मॅडम, हे हायपोग्लायसेमिया. हायपो म्हणजे उप, खाली. मधलं काय?"

मी सांगितले, ग्लायको म्हणजे गोड, आणि शेवटचा तुकडा रक्ताचा, तोच जो अॅनिमियात आहे.

तिने तुकडे बोटाने झाकून पुन्हा उघडले. "म्हणजे रक्तात गोड कमी. आणि अॅनिमियात अन्, रक्त नाही." मग थोडे थांबून म्हणाली, "साखरेचा त्रास असं सांगितलं म्हणून आईनं त्यांचा चहातला गूळ बंद केला, रात्रीची पेजही कमी केली. आम्हांला वाटलं वाढली असणार."

मी म्हटले, हे माझे काम नव्हे, हा कागद घेऊन आजच आरोग्य केंद्रात जा आणि जेवणाचे आणि गोळ्यांचे विचार. ती गेली. सोमवारी येऊन तिने सांगितले की नर्सबाईंनी गोळ्यांची वेळ जेवणाशी जुळवून दिली आहे आणि बाबा आता कुळागरात जाताना खिशात साखरेची पुडी ठेवतात.

जाता जाता दारात वळून म्हणाली, "आणि मॅडम, एल्डरली. फादरला एल्डरली चालेल ना?"

चालेल, मी म्हटले. पण बाबांचे वय विचारले तर ते अवघे अठ्ठेचाळीस निघाले. मग आम्ही दोघींनी मिळून तो शब्दही खोडला.